चाकूचं पाणी

पात्याच्या टोकाशी निळसर झाक दिसली तेव्हा आरसेवालीने आधी खिडकीकडे पाहिलं. आभाळाचा रंग पडला असेल, असं तिला वाटलं. उजळलेल्या पोलादाचं तसंच असतं, समोर येईल त्याचा रंग ते अंगावर घेतं. तिने पातं खिडकीपासून वळवून भिंतीकडे धरलं. भिंत पांढरी होती, आणि निळं तिथेच होतं. नखाएवढा डाग. बाहेरून पिवळट, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ऐन धारेवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा निळा.

मोटर अजून चालू होती. तिने पायाने बटण दाबलं. कापडी चाक फिरत फिरत थांबलं. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन टकटक चाललं होतं. त्याला काही पत्ता नव्हता.

दिसायला एवढा देखणा रंग, आणि त्याचा अर्थ एवढाच, की चाकूचं पाणी उतरलं होतं.

लोहार पोलाद लालबुंद तापवतो आणि तेलात बुडवतो, त्याला पाणी देणं म्हणतात. देतात तेलात आणि म्हणतात पाणी, पण शब्द जुना आहे, त्याला कोण बदलणार? त्या पाण्यानेच पोलाद कडक होतं, धार धरून ठेवतं. माणसाचंही आपण पाणी जोखतो, ते याच अर्थाने. चाकावर घासताना पातं जास्त तापलं की हे पाणी उतरतं. मग चाकू दिसायला तोच, वजनाला तोच, पण पहिल्या कठीण फांदीवर धार मान टाकते.

तिने भिंतीवरची बारीक कानस काढली आणि धारेवरून अलगद ओढली. पाणी असलेल्या पात्यावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. ही कानस घसरली नाही. कानशीने चावा घेतला. मांडीवर पोलादाची चिमूटभर पूड पडली.

आरसेवाली खाली स्टुलावर बसली. समोरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. पाच वाजता चाकू न्यायला येणार होते. आणि हा चाकू तिच्या बापाच्या हातचा होता.

आरसेवाली हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने तिला आता फक्त रेशनकार्ड ओळखत होतं. बावीस वर्षं ती भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात उभी राहिली. तिच्या चाकाखालून गेलेल्या पातेल्यात बघून मुकादम मिशा कापायचा, तेव्हापासून हे नाव पडलं. कारखाना सुटल्यावर तिने मागच्या खोलीत स्वतःचं चाक मांडलं. नवरा शिंपी. त्याच्या जुन्या मशीनची मोटर तिने चाकाला जोडली, तेव्हा तो म्हणाला होता, मशीनचा आत्मा तरी सोडायचास. पण हळूहळू गल्लीत माहीत झालं, की घडीचा चाकू कसाही गंजू दे, मूठ फुटू दे, कमानी ढिली होऊ दे, आरसेवालीकडे द्यावा. ट्रकवाले आणायचे, वायरमन आणायचे, एक म्हातारा मासे पकडणारा दर वर्षी आणायचा. ती चाकू खोलायची, गंज खरवडायची, आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी चाकावर पॉलिशच्या हिरव्या वडीने आरसा. मूठ हवी तशी. कुणाला शिंगाची, कुणाला लाकडाची, एका वायरमनला तर मुलाच्या तुटलेल्या बॅटची.

तिचा एकच नियम होता. हातमोजा घालायचा नाही. पातं उघड्या बोटांनी धरायचं आणि बोटाला चटका बसला की लगेच मगातल्या पाण्यात बुडवायचं. बोट भाजतं तेवढ्याने पोलादाला काही होत नाही. तिच्या बोटांच्या टोकांवर त्यामुळे कातडी अशी जाड झाली होती, की सुई टोचली तरी नवऱ्याला ओरडावं लागायचं, तुझ्या बोटात सुई आहे म्हणून.

आज मात्र तिने पातं बोटांनी धरलं नाही. तिथेच सगळं बिघडलं.

झालं होतं असं. परवा सकाळी तिची भाची दारात उभी राहिली. इस्पितळात नर्स आहे, अंगावर कामाचे कपडे होते, निघायच्या घाईत. नऊ वर्षांत ती इथे कधी आली नव्हती, कारण नऊ वर्षांत तिच्या बापाने, म्हणजे आरसेवालीच्या थोरल्या भावाने, बहिणीशी एक शब्द बोललेला नव्हता, आणि बहिणीनेही त्याच्याशी. भाचीने पिशवीतून एक चाकू काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला मातीचा गोळा. गोळा वाळलेला होता आणि त्यावर मुठीचा ठसा होता. चार बोटं, एक अंगठा. आपल्या बापाची बोटं सुजून वाकडी झाली आहेत, असं तिने सांगितलं. जुनी बारीक मूठ हातात धरवत नाही. रोपवाटिकेत दोन-तीन दिवसांत कलमं बांधायला सुरुवात होणार, झाडात रस चढतो ते दोन आठवडे, एवढ्यातच वर्षाचं काम. दुसरा चाकू त्याला चालत नाही. तर या मुठीच्या मापाची मूठ करून हवी आहे, बस.

आरसेवालीने विचारलं होतं, माझ्याकडे का आणलास?

"मी पण तेच विचारलं, कुणाकडे देऊ म्हणून," भाची म्हणाली. "तर म्हणाले, पहिली जिने केली तिच्याकडे."

भाची गेल्यावर आरसेवालीने मातीच्या गोळ्यावरच्या खोबणींत आपली बोटं ठेवून पाहिली. करंगळीच्या शेजारच्या बोटाची खोबण वाकडी होती, बाहेर पळाल्यासारखी. ती बराच वेळ तशीच बसली. दारातून नवरा म्हणाला, भावाचा हात धरायचा तर माणूस समोर असताना धरावा.

पहिली मूठ खरंच तिने केली होती, पंधराव्या वर्षी. बाप लोहार. त्याची भट्टी घराच्या मागे होती. भाऊ आत भात्यावर बसायचा आणि ती दाराबाहेर पायरीवर. आत तिला प्रवेश नव्हता. पाणी देण्याची वेळ झाली की बाप दार लावून घ्यायचा. पोरगी उद्या लोकांच्या घरी जाईल, घरचं पाणी बरोबर नेईल, असं तो हसत म्हणायचा, आणि हसत म्हटलेलं जास्त लागतं. मध्येच दार किलकिलं व्हायचं आणि एक काळंकुट्ट पातं तिच्या पुढ्यात यायचं. घास. ती विटेच्या पुडीने ते घासघासून चकचकीत करायची. मग दार पुन्हा किलकिलं व्हायचं, पातं आत जायचं आणि दार बंद. कारटीला काहीतरी काम लावायचं म्हणून लावलंय, एवढंच तिला कळत होतं. घासता घासता तिचा हात बसला. तोच हात पुढे जन्मभर तिला जेवू घालत राहिला.

हा घडीचा चाकू बापाने स्वतःसाठी केला होता, एका जुन्या कानशीच्या पोलादाचा. बाप गेल्यावर सामान काढताना तो दोघांच्या हाती एकदमच लागला. ती म्हणाली, मूठ माझी आहे. भाऊ म्हणाला, मूठ कुणाचीही असो, पाणी बापाचं आहे, आणि ते कसं द्यायचं हे त्याने मला शिकवलं, तुला नाही. यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर तिच्या तोंडातून निघून गेलं, "मग पीत बस ते पाणी."

त्यावर नऊ वर्षं गेली. भावाने भट्टी विकली, रोपवाटिकेत कलमवाला झाला, आणि त्याच चाकूने हजारो झाडं एकमेकांना जोडली.

काल दिवसभर तिने मूठ केली. नवऱ्याच्या कापणीच्या टेबलाचा एक पाय मोडून पडला होता, अक्रोडाच्या लाकडाचा, तो घेतला. मातीच्या गोळ्यावर दर दहा मिनिटांनी बोटं फिरवत तिने त्यातून भावाची मूठ कोरून काढली. मूठ अशी उतरली, की जणू भाऊ ती आत्ताच ठेवून उठून गेला. काम तेवढंच होतं. तेवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण पातं सुटं पडलं होतं, वर्षानुवर्षांच्या चिकाने काळं झालेलं, आणि ते पाहून तिला राहवेना. आरसेवालीच्या घरातून पातं काळं परत जाणार? आणि तेही त्याच्याकडे? त्याने ते उघडावं आणि त्यात त्याचं तोंड दिसावं, असं तिला मनापासून वाटलं. यात माया किती आणि मिरवणं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. बापाच्या पात्यावर घामाच्या बोटांचे डाग नकोत, म्हणून तिने ते लाकडी चिमट्यात धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोट आणि पोलाद यांच्यामध्ये काहीतरी आलं. लाकडाला चटका बसत नाही. तिने दाबलं, आरसा उगवू लागला, तिने आणखी दाबलं.

साडेदहाचे पावणेअकरा झाले, तेव्हा मशीन थांबलं आणि नवरा दारात आला. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. शांतता झाली की त्याचं कामात लक्ष लागत नसे. तिने पातं पुढे केलं. त्याने ते उजेडात धरलं, टाचण्या काढल्या आणि म्हणाला, छान रंग आलाय की.

तिने सांगितलं तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. त्याने थोडा विचार केला. मग आवाज खाली आणून, जणू घरात तिसरं कुणी ऐकत होतं, त्याने सुचवलं, की हा निळा डाग चाकावर दोन हात मारले तर निघून जाईल ना?

जाईल, ती म्हणाली. रंग वरवरचाच असतो.

"मग काढून टाक. मूठ तर सोन्यासारखी झालीय. धार गेली तर म्हणेल जुना चाकू, दमला."

हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. त्याने म्हणायच्या आधीच तिचा पाय मोटरच्या बटणावर गेला होता आणि मागे आला होता. दोन हात मारायचे. पाच वाजता भाची येईल, चाकू नेईल. उद्या सकाळी तो पहिली फांदी तिरकी कापायला जाईल, धार वळेल. तो दगडावर लावेल. पुन्हा वळेल. तिसऱ्या वेळेला त्याला कळेल. लोहाराचा मुलगा, त्याला कळणार नाही तर कुणाला? आणि मग तो काहीच बोलणार नाही. ते तिला माहीत होतं. पुढची नऊ वर्षं, आणि त्यापुढची, जितकी दोघांच्या वाट्याला असतील तितकी.

तिने स्वतः पाणी देऊन पाहावं, तर दाराबाहेर बसलेल्या माणसाला काय ठाऊक? लाल करतात, बुडवतात, एवढं कुणीही सांगेल. पण किती लाल, आणि नंतर तो दुसरा जाळ कशाचा असायचा, ते दाराच्या आत राहिलं होतं. पातं कागदासारखं पातळ. चुकलं तर तडकणार. बाप पुन्हा येऊन दुसरं करणार नव्हता.

तिने फोन घेतला. भावाचा नंबर त्यात सुरुवातीपासून होता, दादा या नावाने. एकदाही न लावलेला. पलीकडे पाच वेळा वाजलं. मग पाण्याच्या झारीचा आवाज आला.

"दादा," ती म्हणाली.

झारी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मोडला?"

"मोडला नाही. पाणी उतरलं."

"कुणी उतरवलं?"

"मी."

त्याच्या मागे कुणीतरी कुणालातरी टोपल्या उचलायला सांगत होतं. ती फोन कानाशी इतका दाबून उभी होती, की कान दुखला.

"आता हात लावू नकोस," तो म्हणाला. "येतो."

तो यायला दीड तास लागला. त्या दीड तासात तिने मागच्या अंगणात शेगडी मांडली. नवऱ्याची जुनी कोळशाची इस्त्री होती, तिच्यासाठी ठेवलेले कोळसे पोत्यातून काढले. लोखंडी पातेल्यात तेल ओतलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ती अंगणात गेली, आत आली, पुन्हा गेली. नवरा म्हणाला, एवढी चाललीस तर त्याच्या घरी पोचली असतीस.

दार वाजलं तेव्हा ते नवऱ्याने उघडलं. भाऊ आत आला. केस सगळे गेले होते. तिने त्याच्या तोंडाकडे पाहण्याआधी हातांकडे पाहिलं. मातीच्या गोळ्याने खोटं सांगितलं नव्हतं. गाठी आलेली बोटं, आणि ते एक बोट, बाहेर पळालेलं.

नवऱ्याने चहा विचारला, पाणी विचारलं. तो म्हणाला, नंतर. बसलाही नाही. तिने पातं फडक्यात ठेवून पुढे केलं. त्याने ते चिमटीत उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग तळहातावर घेतलं. त्याने डाग पाहिला, मग डागाच्या मागचा आरसा पाहिला.

"चकचकीत कर असं कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"उन्हात माझ्या डोळ्यात मारलं असतं. एका हाताने डोळे झाकून कलम बांधायचं मी?"

नवऱ्याने टेप तोंडाशी धरून खोकल्यासारखं केलं. आरसेवालीचे कान तापले. भाऊ अंगणात गेला, शेगडी पाहिली, तेलात बोट घातलं आणि म्हणाला, कोमट कर, गार तेलात तडकतं. मग वाऱ्याला काय आहे म्हणून विचारलं. नवऱ्याने सायकलचा पायपंप आणला. चाळीस वर्षं पाय हलवूनच पोट भरलंय, म्हणाला, आणखी थोडं हलवतो.

मग भावाने शेगडी मागच्या खोलीत घ्यायला लावली आणि खिडकी लावून घेतली. अंधार झाला. तिला बापाचं दार आठवलं आणि ती नकळत उंबऱ्याबाहेर थांबली.

"बाहेर काय करतेस? आत ये," तो म्हणाला. "उजेडात जाळाचा रंग कळत नाही."

ती आत आली. थोड्या वेळाने तिने विचारलंच, "म्हणून दार लावायचा का तो? की मला दिसू नये म्हणून?"

भावाने विचार केला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं, त्या अंधारात तर फारच.

"दोन्हीसाठी," तो म्हणाला.

त्याने लांब दांड्याची पक्कड उचलली आणि पातं धरलं. पक्कड मिटली, पण बोटं मिटेनात. पातं सुटून फरशीवर पडलं. टण्ण. तिघेही जागच्या जागी थांबले. तिने वाकून ते उचललं, अंगठा फिरवला. शाबूत होतं. पाणी उतरलेलं होतं म्हणूनच शाबूत राहिलं, कडक असतं तर गेलंच असतं. त्याने पुन्हा धरून पाहिलं. पातं पुन्हा निसटू लागलं. मग त्याने पक्कड तिच्याकडे दिली, दांडा तिच्या बाजूला करून, आणि दुसरीकडे पाहिलं.

"मी सांगतो. तू धर."

नवरा पंप मारू लागला. कोळसे धगधगले. तिने पातं निखाऱ्यांत सरकवलं. तो हळू आवाजात सांगत होता, पाठ खाली ठेव, धार पातळ आहे ती आधी पेटेल, मागेपुढे कर, एका जागी ठेवू नकोस. पात्यावरचा तिचा आरसा आधी पिवळा झाला, मग निळा, मग काळा पडला. सकाळभराचं काम चार श्वासांत गेलं. मग काळ्यातून लाल उगवू लागलं.

"आता?"

"नाही. हा उगवतीचा लाल आहे. मावळतीचा येऊ दे."

घाम तिच्या डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. नवऱ्याचा पंप फसफसत होता. लाल गडद झालं, जड झालं, टोकापासून मागच्या भोकापर्यंत एकसारखं पसरलं.

"आता. सरळ सोड. विहिरीत घागर सोडतात तशी. हलवू नकोस."

तिने सोडलं. तेल फुत्कारलं, धूर उठला. आणि त्या आवाजाच्या आत, अगदी बारीक, काडी मोडावी तसा एक आवाज झाला. टिक.

पंपावरचा पाय वरच राहिला. ती भावाच्या तोंडाकडे पाहत होती. तो तेलाकडे.

"काढ," तो म्हणाला. "आणि घास."

"तडकलं असेल तर?"

"बघू नकोस. आधी घास. चांगलं उजळ. पडू देऊ नकोस, आत्ता ते काचेसारखं आहे."

तिला कळेना. तडा आहे की नाही ते बघायचं सोडून हा पुन्हा चकाकी का मागतो? मघाशी तर याच चकाकीवरून बोलला. ती खिडकी जराशी उघडून उजेडाला बसली, पातं मांडीवरच्या लाकडावर ठेवलं, उघड्या बोटांनी धरलं आणि पेपरने घासू लागली. काळं कवच सुटू लागलं. टोकाशी आली तेव्हा तिला ती रेघ दिसली. केसाएवढी. टोकापासून गव्हाच्या दाण्याएवढी आत गेलेली. तिने ती त्याला दाखवली. त्याने डोळे बारीक करून पाहिली.

"टोक जाऊ दे," तो म्हणाला. "कलमाला टोक लागत नाही. धारेत शिरली नाही ना? मग घास, थांबलीस कशाला?"

"कशासाठी घासू पण? वेळ चाललाय."

तो तिच्याकडे असा पाहू लागला, की जणू तिने सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं.

"अगं, उजळल्याशिवाय दुसऱ्या जाळाचा रंग दिसणार कसा? पहिल्या पाण्याने पोलाद नुसतं कडक होतं, ठिसूळ. ते जरासं उतरवायचं असतं, पिवळं होईपर्यंत. काळ्या पात्यावर पिवळं दिसतं का? तू घासून दिल्याशिवाय बापाला पुढे काही करताच यायचं नाही. एकदा तू आजारी होतीस तर तीन दिवस भट्टी बंद होती. माझ्याने तसं उजळायचं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तुला काय वाटलं, उगाच घासायला लावायचा?"

तिने खाली पाहिलं. हात चालूच होता.

"हो," ती म्हणाली. "मला तेच वाटलं."

नवरा उगाच कोळसे सारखे करत राहिला.

दुसऱ्या जाळासाठी जाड तापलेलं लोखंड हवं होतं, ज्यावर पाठ टेकवून पातं हळूहळू तापेल. नवऱ्याची कोळशाची इस्त्री शेगडीवर तापवली आणि विटांवर उपडी ठेवली. नवरा म्हणाला, आधी मोटर, मग टेबलाचा पाय, आता इस्त्री, पुढच्या वेळेला मलाच तापवा. खिडकी पूर्ण उघडली. आता उजेड हवा होता. तिने पात्याची पाठ इस्त्रीवर टेकवली. आरसा स्वच्छ होता, त्यात तिचा एक डोळा दिसत होता.

"पाठीकडून रंग चढत येईल," भाऊ म्हणाला. "धारेवर वाळल्या गवताचा पिवळा आला की उचलायचं. तपकिरी झालं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा हे पातं सोसणार नाही. मी सांगतो तेव्हा उचल."

रंग आला. पाठीवर आधी पिवळट धूसर, मग त्याच्यामागे तपकिरी, त्याच्यामागे जांभळं. सकाळचेच रंग होते ते, तिच्या घोडचुकीचे. पण सकाळी ते धारेवरून सुरू झाले होते, आणि आता पाठीकडून शिस्तीत रांगेने चालत येत होते. पिवळी रेघ धारेच्या दिशेने सरकत होती. अर्ध्या बोटावर आली. पाव बोटावर. पिवळं धारेला टेकलं, फिकं, मग जरा भरलं. भाऊ काही बोलला नाही. पिवळं आणखी भरलं. तो वाकून पाहत होता, डोळे चोळत होता, धुराने त्यांना पाणी आलं होतं. त्याच्या तोंडातून शब्द येत नव्हता आणि पिवळ्यामागे तपकिरी पाऊल टाकत होतं.

तिने उचललं आणि सरळ तेलात घातलं.

"मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"मला दिसलं."

त्याने कानस मागितली. तिने पातं घट्ट धरलं, त्याने दोन्ही तळहातांत कानस धरून धारेवरून ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा घसरली. मग त्याने कानस खाली ठेवली आणि पहिल्यांदा स्टुलावर बसला.

टोक तिने दगडावर उतरवलं, दर चार हातांना पाण्यात बुडवत, उघड्या बोटांनी. रेघ गेली. चाकू गव्हाच्या दाण्याएवढा आखूड झाला. धार लावली, कमानी बसवली, पातं मुठीत घातलं, खीळ ठोकून तिचं डोकं पसरवलं. उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. कट्. बापाच्या खिशातून यायचा तोच आवाज.

सवयीने तिचा हात पॉलिश पेपरकडे गेला. पात्यावर ते पिवळे-तपकिरी पट्टे होते, आरसेवालीच्या घरातून असं पातं कधी बाहेर गेलं नव्हतं. दोन हात मारले की निघाले असते. तिने पेपर उचलला, आणि पुन्हा डब्यात टाकला.

भावाने चाकू हातात घेतला. सुजलेली बोटं एकेक करून खोबणींत गेली, शेवटी ते वाकडं बोटही. खिडकीत तिचं गुलाबाचं झाड होतं. त्याने न विचारता त्याची एक जुनी, निबर फांदी धरली आणि तिरका काप दिला. फांदी आवाज न करता सुटली. तो काप त्याने अंगठ्याने चाचपला, मग तिच्यापुढे धरला. तिनेही चाचपला. ओला, गुळगुळीत, कुठेही न फाटलेला.

"झाड माझं आहे," ती म्हणाली.

"लावून देईन."

पाच वाजता भाची आली. बापाला स्टुलावर बसलेलं पाहून ती दारातच थांबली, आणि शहाणी असल्यामुळे काही विचारलं नाही. निघताना आरसेवालीने मातीचा गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केला. भाऊ म्हणाला, राहू दे. बोटं आणखी वाकडी झाली की नवीन माती आणीन. तोवर हा असू दे इथे.

दारापर्यंत जाऊन तो परत वळला. आल्यापासून त्याने या घरातलं काही तोंडाला लावलं नव्हतं.

"आता पाणी दे," तो म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतंस ना, पीत बस म्हणून."

ती आत गेली. ग्लास भरताना तिला दिसलं, की आपली बोटं अजून काळी आहेत आणि ग्लासावर त्यांचे ठसे उठलेत. तिने ते पुसले नाहीत. तसाच नेऊन त्याच्या तळहातांवर ठेवला, आणि तो दोन्ही हातांनी धरून, उभ्याउभ्या, सगळा प्याला.